दोनशे मिनिटांची वाटणी आणि राखीव फळी

विचारलेला प्रश्न असा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलगी महाविद्यालयीन खेळाच्या तिसऱ्या श्रेणीतील (डिव्हिजन थ्री) एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात आहे. संघात पंधरा जणी आहेत. तिला सामन्यात तीन-चार मिनिटे खेळायला मिळते आणि काही सामन्यांत तेवढेही मिळत नाही. मग एवढ्या मुली संघात घेतल्या तरी कशासाठी, राखीव फळी मजबूत असण्याचा संघाला खरोखर किती उपयोग होतो, आणि कोणाला किती वेळ खेळवायचे हे प्रशिक्षक कशावरून ठरवतात? मी याच श्रेणीत बरीच वर्षे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम करत आलो आहे आणि सामना चालू असताना खेळाडू बदलण्याचा तक्ता माझ्याकडेच असतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

सुरुवात हिशेबापासून करावी लागते. महिलांच्या सामन्यात दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात आणि पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन, पण बेरीज दोन्हीकडे 40 मिनिटांचीच होते. मैदानावर एका वेळी पाच जणी असल्यामुळे प्रशिक्षकाकडे वाटायला एकूण 200 मिनिटे असतात. सुरुवातीच्या पाच जणींना सरासरी 30 मिनिटे दिली की त्यांतली 150 संपतात. उरलेल्या 50 पैकी सहावीला 20, सातवीला 15, आठवीला 10 आणि नववीला पाच मिनिटे दिली की हिशेब पूर्ण होतो. दहावीपासून पंधरावीपर्यंत कोणाच्याही वाट्याला काही उरत नाही. यात कोणाविषयी आकस नसतो; बहुतेक संघांची वाटणी थोड्याफार फरकाने अशीच दिसते, आणि ज्या प्रशिक्षकाला ती बदलायची असेल त्याला दुसरीकडून काहीतरी काढून घ्यावेच लागते.

मग सगळ्यांना थोडी थोडी मिनिटे का देत नाहीत? याचे उत्तर पाच जणींच्या एकमेकींशी असलेल्या सवयीत आहे. चांगला बचाव म्हणजे पाच जणींनी एकाच वेळी घेतलेले लहान लहान निर्णय असतात: स्क्रीन आली, म्हणजे प्रतिस्पर्धी खेळाडूने मध्ये उभे राहून वाट अडवली, की कोणी सोडायचे आणि कोणी धरायचे, बास्केटखाली मदतीला कोणी धावायचे, आणि तिने सोडलेली जागा कोणी भरायची. आठ जणींतून पाच जणींचे 56 वेगवेगळे गट होतात, तर दहा जणींतून 252. पहिल्या श्रेणीतल्या संघांनासुद्धा हंगामात सरावासाठी आठवड्याला 20 तासांचीच मर्यादा आहे, आणि त्यातच व्यायाम, प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती आणि विश्रांतीचा सक्तीचा दिवस सांभाळायचा असतो. एवढ्या वेळात 252 गट एकमेकींना ओळखू लागणे शक्य नसते. त्यामुळे रोटेशन, म्हणजे आलटून पालटून खेळवल्या जाणाऱ्यांचा गट, आठ-नऊ जणींवर थांबते त्यामागे बहुतेक वेळा पक्षपात नसून सरावाचा अपुरा वेळ असतो.

या विषयावर बोलताना मला 2015 चा हंगाम नेहमी आठवतो, कारण त्या वर्षी पुरुषांच्या स्पर्धेत दोन अगदी विरुद्ध विचारांचे संघ अखेरच्या चारांत एकत्र आले होते. केंटकीचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्याकडे इतके उत्तम खेळाडू जमले होते की त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या केल्या आणि ठरावीक वेळाने पूर्ण तुकडीच बदलायला सुरुवात केली. नोव्हेंबर 2014 मध्ये या संघाने कॅन्ससला 72-40 असे हरवले, तेव्हा ही पद्धत अजिंक्य वाटत होती. डिसेंबरमध्ये अ‍ॅलेक्स पॉइथ्रेसच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तुकड्यांची काटेकोर अदलाबदल थांबली, पण मिनिटे पुढेही पसरलेलीच राहिली. एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांपर्यंत पोहोचली नाही. पुढे एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला कार्ल-अँथनी टाउन्स जेमतेम 21 मिनिटे खेळत होता, आणि डेव्हिन बुकर तर राखीव फळीतून उतरत होता. त्या एकाच संघातून त्या वर्षी सहा खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडले गेले. हा संघ 38 सामने सलग जिंकला आणि अखेरच्या चारांतल्या लढतीत विस्कॉन्सिनकडून 71-64 असा हरला.

त्याच वेळी ड्यूककडे शिष्यवृत्तीवरचे फक्त आठ खेळाडू उरले होते. एक खेळाडू डिसेंबरमध्ये दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी निघून गेला होता आणि दुसऱ्याला जानेवारीत संघातून काढले होते. क्विन कुक आणि टायस जोन्स हे दोघे गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारे खेळाडू) सरासरी 33 मिनिटांहून अधिक काळ मैदानावर असत. आठवा खेळाडू ग्रेसन अ‍ॅलन पहिल्या वर्षाचा होता आणि त्याला हंगामभर सरासरी नऊ मिनिटांच्या आसपास वेळ मिळाला होता. अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने नऊ गुणांची आघाडी घेतली होती, जाहलील ओकाफोर आणि जस्टिस विन्स्लो हे ड्यूकचे दोन मोठे आधार फाउलमुळे अडचणीत आले होते, तेव्हा अ‍ॅलनने संघाचे सलग आठ गुण केले. त्याचे एकूण 16 गुण झाले आणि ड्यूकने सामना 68-63 असा जिंकला.

एका वर्षाच्या दोन सामन्यांवरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे, आणि विस्कॉन्सिनचा संघही असामान्यच होता. तरीही माझे मत असे आहे की केंटकीच्या त्या पराभवात मिनिटांच्या वाटणीचा काही अंश होता. शेवटच्या काही मिनिटांत केंटकीला सलग तीन वेळा शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्यासाठीची ठरावीक वेळ, संपेपर्यंत शॉट घेता आला नाही. ज्या संघात वर्षभर जबाबदारी दहा जणांत वाटलेली असते, त्या संघात सामना अडकल्यावर चेंडू कोणाच्या हातात द्यायचा याचे उत्तर आपोआप मिळत नाही. ते आधीच ठरवून, सरावात घोटून घ्यावे लागते. उलट ड्यूककडे राखीव खेळाडू कमी होते, पण प्रत्येकाला आपले काम नेमके माहीत होते, अगदी आठव्यालासुद्धा. राखीव फळीची ताकद मोजताना मी म्हणूनच चांगले खेळाडू किती आहेत हे आधी पाहत नाही. ज्यांना मैदानावर पाठवताना प्रशिक्षकाला आपला डावपेच बदलावा लागत नाही असे खेळाडू किती आहेत, हे मी पाहतो.

मोठी राखीव फळी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मात्र घेऊ नये. महिलांच्या स्पर्धेत 2024 साली साउथ कॅरोलायनाने त्याचे जे उदाहरण घालून दिले, तेवढे स्पष्ट उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. आयोवाविरुद्धच्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंनी 37 गुण केले आणि आयोवाच्या राखीव खेळाडूंनी एकही गुण केला नाही. कॅटलिन क्लार्कने पहिल्याच भागात 18 गुण करून आयोवाला पुढे नेले होते आणि तिचे एकूण 30 गुण झाले, परंतु एका बाजूला थोड्याच जणी सगळा भार वाहत असताना दुसऱ्या बाजूने ताज्या खेळाडू येत राहिल्या. पहिल्या वर्षाच्या टेसा जॉन्सनने राखीव फळीतून येऊन 19 गुण केले. सामना 87-75 असा संपला आणि हंगाम 38-0 असा.

याच्या मागची गोष्ट मला त्या आकड्यांहून महत्त्वाची वाटते. आदल्या वर्षी साउथ कॅरोलायनाचा संघ अखेरच्या चारांतल्या सामन्यापर्यंत अपराजित होता, तिथे तो आयोवाकडूनच 77-73 असा हरला, आणि त्यानंतर सुरुवातीच्या पाचही जणी संघाबाहेर पडल्या. कोणत्याही सामान्य संघाला त्यातून सावरायला दोन-तीन वर्षे लागली असती. पण त्या आदल्या वर्षी कमिला कार्डोसो राखीव फळीतून खेळत होती आणि तिला आपल्या विभागातील सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा मानही मिळाला होता. तीच पुढच्या वर्षी संघाचा कणा झाली आणि अंतिम सामन्यात तिने 15 गुण आणि 17 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) मिळवले. प्रशिक्षिका डॉन स्टेली यांनी एका वर्षी राखीव खेळाडूंना जी मिनिटे दिली, त्यांतून पुढच्या वर्षीचा विजेता संघ तयार झाला.

आता सामन्यातला प्रत्यक्ष उपयोग पाहू. थकवा हा त्याचा सर्वांत उघड भाग आहे, पण त्याचे नियोजन बाहेरून दिसते त्याहून बारकाईचे असते. दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक अर्ध्यात 16, 12, 8 आणि 4 मिनिटे उरली असताना, त्यानंतर खेळ थांबेल तेव्हा सक्तीचा टाइमआउट होतो. अनुभवी प्रशिक्षक आपल्या मुख्य खेळाडूला त्याच्या मिनिटभर आधी बाहेर घेतो आणि टाइमआउट संपल्यावर परत पाठवतो. घड्याळात त्याचे एकच मिनिट जाते, पण त्याला श्वास घ्यायला प्रत्यक्षात चार-पाच मिनिटे मिळतात. महिलांच्या सामन्यात दोन भागांमधल्या विश्रांतीला जोडून हेच केले जाते. आठवी-नववी खेळाडू ज्या एका मिनिटासाठी मैदानावर जाते आणि घरच्यांना ते मिनिट क्षुल्लक वाटते, त्या मिनिटाचा हेतू पुष्कळदा हाच असतो: आघाडी टिकवून ठेवायची, चेंडू गमवायचा नाही आणि बाहेर बसलेलीला दम घेऊ द्यायचा.

नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांनी या बाबतीत जे केले ते आजही आदर्श मानावे असे आहे. त्यांच्या संघातल्या खेळाडूने मूठ वर केली की तो थकला आहे असे समजून त्याला बाहेर घेतले जाई, आणि स्वतःहून बाहेर आलेल्या खेळाडूला दम खाऊन झाल्यावर स्वतःच परत जाण्याची मुभा असे. त्यामुळे थकवा लपवण्याचे कारणच उरत नसे. पहिल्या अर्ध्यात ते पाच राखीव खेळाडू एकत्र मैदानावर उतरवत असत आणि हा गट थोडाच वेळ, पण जीव तोडून खेळत असे. त्या खेळाडूंना आपण संघात कशासाठी आहोत हे ठाऊक होते.

फाउलचा प्रश्न याहून नाजूक आहे. कॉलेजच्या खेळात पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाद होतो. पहिल्या अर्ध्यात दोन फाउल झाले की खेळाडूला मध्यंतरापर्यंत बसवायचेच, अशी अनेक प्रशिक्षकांची ठरलेली रीत आहे, आणि केन पोमेरॉय यांच्या प्रसिद्ध सांख्यिकीत कोणता प्रशिक्षक अशा खेळाडूला किती खेळवतो याची वेगळी नोंदही असते. ही रीत डोळे मिटून पाळू नये असे मला वाटते. बसवलेल्या खेळाडूचे तिसरे फाउल टळते खरे, पण ती मिनिटे कायमची जातात. इथे खरा प्रश्न तिच्यात आणि तिच्या जागी येणारीत किती अंतर आहे हा असतो. गार्डच्या जागी दुसरी गार्ड सहसा मिळते. बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरची जागा घ्यायला मात्र बऱ्याच संघांत कोणीच नसते, आणि प्रतिस्पर्धी नेमके तेच हेरून पहिल्या पाच मिनिटांत तिच्यावर चेंडू टाकत राहतात. म्हणून संघ निवडताना मी तिसऱ्या गार्डपेक्षा दुसऱ्या सेंटरचा विचार आधी करतो.

फाउल आणि थकवा एकत्र आले की काय होते हे 12 मार्च 2009 रोजी सुरू झालेल्या सिरॅक्यूज आणि कनेक्टिकट यांच्या सामन्यात दिसले. बरोबरीमुळे झालेल्या, पाच-पाच मिनिटांच्या सहा ओव्हरटाइमनंतर सिरॅक्यूजने तो 127-117 असा जिंकला, दोन्ही संघांचे मिळून आठ खेळाडू फाउलमुळे बाद झाले, आणि सिरॅक्यूजचा गार्ड जॉनी फ्लिन 70 पैकी 67 मिनिटे मैदानावर होता. अशा वेळी शेवटच्या ओव्हरटाइममध्ये ज्यांच्या हातात सामना येतो, ते पुष्कळदा हंगामभर फारसे न खेळलेले असतात.

किती खेळाडू लागतात हे खेळण्याच्या पद्धतीवरही ठरते. आर्कान्सॉचे नोलन रिचर्डसन यांचा संघ पूर्ण मैदानभर सतत दाबाचा बचाव करत असे आणि 1994 मध्ये त्यांनी ड्यूकला 76-72 असे हरवून विजेतेपद मिळवले. असा खेळ सात जणांवर चालतच नाही. याचे टोक पाहायचे असेल तर आयोवा राज्यातील तिसऱ्या श्रेणीचे ग्रिनेल महाविद्यालय पाहावे. तिथे डेव्हिड आर्सेनॉ यांनी पाच-पाच खेळाडूंचे गट मिनिटभराच्या अंतराने बदलण्याची पद्धत रूढ केली. तिथल्या राखीव खेळाडूंना इतर कुठेही मिळाला नसता एवढा खेळ मिळाला, आणि त्यामागे सर्वांना खेळवण्याचा विचार स्पष्टपणे होता, म्हणून मला त्या प्रयोगाविषयी आदर आहे. याउलट संथ गतीने, बास्केटजवळ बचावाची भिंत उभी करून खेळणाऱ्या संघाला सात-आठ खेळाडू पुरतात. मुलीने प्रवेश घेण्यापूर्वी संघाची ही पद्धत पाहिली होती का, हे मी विचारले असते, कारण मिनिटांचा अंदाज तिथूनच येतो.

बसून राहण्याचा खेळाडूला स्वतःला काही फायदा होतो का? होऊ शकतो, पण त्यासाठी त्या बसण्याला दिशा असावी लागते. व्हर्जिनियाचा डिआंड्रे हंटर पहिल्या वर्षी रेडशर्ट होता, म्हणजे संघाबरोबर सराव करत होता पण सामने खेळत नव्हता आणि त्याचे खेळण्याचे वर्ष राखून ठेवले होते. दुसऱ्या वर्षी तो आपल्या विभागातला सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला. त्याच 2018 सालच्या राष्ट्रीय स्पर्धेआधी त्याचे मनगट मोडले, आणि तो नसताना अग्रमानांकित व्हर्जिनियाला सोळावे मानांकन असलेल्या यूएमबीसी विद्यापीठाने 74-54 असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत असे पूर्वी कधीच घडले नव्हते. एक राखीव खेळाडू नसल्यानेच तो पराभव झाला असे मी म्हणणार नाही, पण वीस गुणांच्या त्या पराभवात त्याची उणीव जाणवली. पुढच्याच वर्षी टेक्सस टेकविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने 27 गुण केले आणि व्हर्जिनिया विजेता झाला. व्हिलानोव्हाच्या डाँटे डिव्हिन्चेन्झोने तर 2018 चा अंतिम सामना राखीव फळीतून येऊन 31 गुण करत गाजवला आणि अखेरच्या फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवला.

अशी वाट पाहणे आता दुर्मीळ होत चालले आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले. 2021 पासून एकदा महाविद्यालय बदलल्यास वर्षभर बसावे लागण्याची अट गेली आणि 2024 पासून पुन्हा पुन्हा बदलण्यावरचे तसले बंधनही उठले. आता पहिल्या श्रेणीत आठव्या-नवव्या खेळाडूला मार्च संपताच दुसरीकडून बोलावणे येते, बहुतेक वेळा पैशांसह. साउथ कॅरोलायनाच्या 2024 च्या विजयात राखीव फळीतून चमकलेली मिलेशिया फुलविली 2025 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे (एलएसयू) गेली. शिवाय 2025-26 पासून, खेळाडूंना पैसे देण्याविषयीच्या नव्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना पुरुषांच्या आणि महिलांच्या संघात प्रत्येकी 15 खेळाडूंचीच मर्यादा आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीविना केवळ हौसेने संघात राहणाऱ्यांची जागा आक्रसली आहे. राखीव फळी पूर्वी तीन-चार वर्षांत घडत असे, आता ती दरवर्षी नव्याने जमवावी लागते. मला याची खंत वाटते. खेळाडूने स्वतःचे हित पाहू नये असे माझे म्हणणे नाही, पण कार्डोसोसारखी एका वर्षाची सहावी खेळाडू पुढच्या वर्षी संघ उभा करते तेव्हा जी वीण तयार होते, ती विकत आणता येत नाही.

तिसऱ्या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच, म्हणून इथे दहावी ते पंधरावी खेळाडू केवळ खेळाच्या ओढीने थांबलेली असते आणि तिच्याशी स्पष्ट बोलणे हे आमचे कर्तव्य ठरते. सरावात प्रतिस्पर्धी संघाचे डाव हुबेहूब उभे करण्याचे काम बहुतेक वेळा याच मुली करतात. मुख्य पाच जणींना शनिवारच्या सामन्याची जी तयारी मिळते, ती यांच्या दर्जावर अवलंबून असते. हे काम महत्त्वाचे आहे, पण तेवढे सांगून भागत नाही. तिला मैदानावर उतरण्यासाठी नेमके काय सुधारायचे आहे हे प्रशिक्षकाने नाव घेऊन सांगायला हवे.

तुमच्या मुलीला भारतातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या बारा जणींच्या संघाशी तुलना करून निराश होऊ देऊ नका. तिथेही मिनिटे 40 च असतात. तिच्या तीन-चार मिनिटांतल्या गुणांवरून तिचे मोजमाप करू नका, कारण एवढ्या थोड्या वेळात एखादा शॉट आत गेला की बाहेर, यावरून सगळे आकडे उलटेपालटे होतात. मी राखीव खेळाडूच्या पहिल्या मिनिटात तीनच गोष्टी पाहतो: ती मैदानावर पाऊल ठेवताच बोलते का, जिला अडवायचे ती प्रतिस्पर्धी खेळाडू तिला सापडते का, आणि पहिला पास ती सुरक्षित देते का. ज्या मुलीला यात सलग काही सामने यश येते तिची मिनिटे वाढतात, आणि ती वाढ नोव्हेंबर-डिसेंबरच्या सामन्यांत मिळवावी लागते, कारण जानेवारीअखेर रोटेशन घट्ट होते.

प्रशिक्षकांशी बोलायचे असेल तर तिने स्वतः बोलावे, पालकांनी नव्हे, आणि तेही सामन्याच्या दिवशी नको. मला खेळायला का मिळत नाही असे विचारण्याऐवजी, माझ्या पुढे जी खेळाडू आहे ती कोणत्या दोन गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या करते, असे विचारावे. याचे उत्तर प्रशिक्षकाला टाळता येत नाही. त्यानंतर तिने संघाची यादी घेऊन आपल्या जागेवर खेळणाऱ्या कोणकोण या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडत आहेत आणि त्यांची मिळून किती मिनिटे मोकळी होतात हे मोजावे. ती 30 च्या पुढे असतील तर तिने थांबावे असा माझा सल्ला आहे. तिच्या जागेवर दोघी दुसऱ्या वर्षाच्या असतील आणि त्याच मुख्य खेळाडू असतील, तर संघ बदलण्याचा विचार तिने मोकळ्या मनाने करावा, आणि नव्या संघाला पहिला प्रश्न तिथल्या सेंटर आणि गार्डच्या मिनिटांविषयीच विचारावा.